त्रास काहीच नाही, तरी साखर 108?

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

*मी 41 वर्षांची, पतसंस्थेत क्लार्क आहे. उंची पाच फूट, वजन 56 किलो. संस्थेत तपासणी शिबिर झालं, त्यात उपाशीपोटी साखर 108 आली. पुढे 'एच' छापलंय. लॅबवाला म्हणाला, "बॉर्डरलाइनला आहे, एवढं काही नाही." आईला बरीच वर्षं शुगर आहे. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात मलाही निघाली होती, पण बाळंतपणानंतर आपोआप गेली. मला जास्त तहान लागत नाही, रात्री लघवीला उठावं लागत नाही, वजनही घटलेलं नाही. थकवा येतो, पण तो कुणाला येत नाही? सुरुवातीची लक्षणं नेमकी कोणती ते सांगा, म्हणजे मी लक्ष ठेवेन. जाऊबाई म्हणतात मेथीचं पाणी घे आणि साखरेऐवजी गूळ वापर. आई म्हणते, तिच्या गोळीतली अर्धी रोज घे. आणखी एक. थोरली तेरा वर्षांची आहे. वर्षभरात तिची मान काळी पडलीय, घासून निघत नाही. सासूबाई बेसन-लिंबू लावतात. एखादं क्रीम सुचवा.*

— एक वाचक, सांगली जिल्हा

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी क्रीम मागताना लिहिली आहे. तिच्याकडे येतेच. आधी तुमचा प्रश्न घेऊ.

"लक्षणं सांगा, म्हणजे लक्ष ठेवेन," असं तुम्ही म्हणता. गोची इथेच आहे. मधुमेहाच्या आधीच्या या टप्प्यात, ज्याला डॉक्टर प्रीडायबेटिस म्हणतात, बहुतेकांना काहीही जाणवत नाही. सारखी तहान, सारखी लघवी, लघवीला मुंग्या लागणं या ज्या खुणा आपण घरात ऐकत आलो, त्या या टप्प्याच्या नव्हेतच. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की मग मूत्रपिंडं ती लघवीतून सोडू लागतात. धरण भरल्याशिवाय सांडव्यावरून पाणी पडत नाही, तसंच हे. साखरेबरोबर पाणी जातं, म्हणून लघवी वाढते आणि म्हणून तहान. तुमची साखर 108 आहे. या खुणांची वाट बघत बसलात तर त्या दिसतील तेव्हा प्रीडायबेटिस कधीच मागे पडलेला असेल.

थकव्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते मला पटतं. थकवा कुणालाही येतो. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, काहींचं थायरॉइड बिघडलेलं असतं, आणि सकाळी डबे करून ऑफिसला जाणाऱ्या बाईला थकायला आजार कशाला हवा? तेव्हा थकव्यावरून साखरेचं निदान करू नका. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड मात्र तपासून घ्या. हिमोग्लोबिनचा या गोष्टीशी आणखी एक संबंध आहे, तो पुढे येईल.

आता 108 म्हणजे काय ते पाहू. रात्रभर उपाशी राहून सकाळी दिलेल्या रक्तात साखर 100 च्या आत हवी. 100 ते 125 म्हणजे प्रीडायबेटिस, 126 पासून पुढे मधुमेह. जागतिक आरोग्य संघटना खालची रेघ 100 ऐवजी 110 वर ओढते, म्हणजे त्या हिशेबाने तुम्ही अजून अलीकडे आहात. त्यामुळे लॅबवाला अगदीच खोटं बोलला असं नाही. फक्त त्याच्यासमोर एक आकडा होता, आणि माझ्यासमोर तुमचं पत्र आहे. पत्र वाचल्यावर मी "एवढं काही नाही" म्हणणार नाही.

चेन्नईच्या मधुमेह संशोधकांनी 2005 मध्ये भारतीयांसाठी एक साधी गुणपद्धत मांडली. तिला रक्त लागत नाही. वय 35 ते 49 असेल तर 20 गुण, पन्नाशी गाठली की 30. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर 10, दोघांना असेल तर 20. बैठं काम आणि व्यायाम शून्य, याचे 30. कमरेच्या घेराचे 0 ते 20. बेरीज 60 किंवा वर गेली की धोका जास्त. तुमचं वय 20, आई 10, पतसंस्थेतली खुर्ची 30 (व्यायामाचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, म्हणून नाही असं धरते). कंबर न मोजताच 60 झाले. आणि यात तुमच्या गरोदरपणातली साखर धरलेलीच नाही.

ती साखर "आपोआप गेली" असं तुम्ही लिहिलंय. वार पडली की तिच्या हार्मोन्सचा जोर ओसरतो आणि साखर खाली येते, हे खरं. पण गरोदरपण म्हणजे शरीराची एक चाचणीच असते. तुमच्या स्वादुपिंडाला जास्तीचं इन्सुलिन तयार करणं जड गेलं, हे तेव्हाच कळलं होतं. अशा बायकांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा सात ते दहा पट असते. बाळंतपणानंतर दीड-तीन महिन्यांत पुन्हा तपासणी आणि पुढे जन्मभर दर एक ते तीन वर्षांनी, असा नियम आहे. प्रत्यक्षात बारशाच्या गडबडीत ती फाइल कपाटात जाते आणि तिथेच राहते. तुमचीही गेली असणार. तुम्ही विचारलेली "सुरुवातीची खूण" ती होती.

वजन 56 म्हणजे तुम्हाला कुणी जाड म्हणणार नाही. पण पाच फूट उंचीला 56 किलो म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 24 च्या थोडा वर. युरोपातल्या तक्त्यात हे ठीक, आपल्याकडे 23 च्या पुढे जास्त वजन धरतात. याचं कारण पुण्यात सापडलं, असं म्हणायला हरकत नाही. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के! हातपाय बारीक, स्नायू कमी आणि चरबी पोटात, ही आपली ठेवण. पुण्याजवळच्या गावांत त्यांच्या गटाने बाळं मोजली, तर युरोपातल्या बाळांपेक्षा ती वजनाने कमी, तरी अंगात चरबीचा वाटा जास्त. म्हणून "मी तर बारीक आहे" हा दाखला आपल्यात चालत नाही.

तेव्हा वजनकाट्यापेक्षा टेप काढा. शिवणकामाची साधी टेप चालेल. फक्त कुठे मोजायचं ते नीट पाहा, कारण बहुतेक जणी परकराची नाडी बांधतात तिथे मोजतात आणि आकडा चुकतो. सकाळी काही खाण्याआधी उभं राहा. बरगडीचं शेवटचं हाड बोटाने चाचपा, मग कुल्ल्याच्या हाडाचं वरचं टोक चाचपा. दोन्हींच्या मधोमध टेप, आडवी, मागेही तितक्याच उंचीवर, कातडीवर टेकलेली पण आवळलेली नाही. श्वास सहज सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही, इथे कुणी बघत नाहीये. बाईला 80 सेंटिमीटरच्या आत हवं, पुरुषाला 90 च्या. घरातल्या सगळ्यांचं मोजा, मालकांचंही.

आता मुलीची मान.

बेसन-लिंबू आजच थांबवा. तो मळ नाही. मानेच्या मागे, काखेत, कधी बोटांच्या पेरांवर कातडी काळपट, जाडसर, हाताला मखमलीसारखी लागते, तिला वैद्यकात अ‍ॅकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. रक्तात इन्सुलिन जास्त झालं की ते कातडीच्या पेशींना वाढायला लावतं आणि तिथे हा थर दिसतो. म्हणजे साखर अजून नॉर्मल असेल, पण ती नॉर्मल ठेवायला शरीराला दुप्पट-तिप्पट इन्सुलिन ओतावं लागत असेल, तर ते मानेवर आधी उमटतं. प्रीडायबेटिसची डोळ्यांना दिसणारी खूण कोणती असं मला कुणी विचारलं तर मी हीच सांगेन. तिच्याच बरोबर मानेवर, काखेत बारीक लोंबणारे मस येतात. सोनाराकडे किंवा पार्लरमध्ये जाऊन लोक ते दोऱ्याने काढून घेतात आणि विषय संपला समजतात.

घासल्याने ती जागा सोलवटते आणि आणखी काळी पडते. क्रीमने फार तर रंग थोडा उतरेल. इन्सुलिनचं प्रमाण खाली आलं की मात्र काही महिन्यांत ती आपणहून उजळू लागते. तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. वजन, उंची, रक्तदाब, साखर आणि एचबीए1सी (ही रक्ततपासणी पुढे समजावते) पाहून घ्या, आणि पाळी सुरू झाली असेल तर ती नियमित येते का, हे सांगा. आजीला मधुमेह, आईला गरोदरपणात साखर होऊन गेलेली, शिवाय मानेवर ही खूण. तिची तपासणी मी लांबवणार नाही. प्रत्येक काळ्या मानेमागे हेच असतं असंही नाही, म्हणून डॉक्टरांच्या नजरेखालून जाऊ द्या. आणि एक विनंती. घरात तिच्या मानेवरून, वजनावरून बोलणी थांबवा. तेरा वर्षांच्या पोरीला पाहुण्यांसमोर "मान धुत नाहीस का गं?" विचारलेलं मी माझ्या दवाखान्यात ऐकलंय. ती पोर नंतर ओढणी गुंडाळून यायची.

तुमच्या स्वतःच्या मानेकडे मात्र आरशात बघा, काखेतही. त्याचबरोबर कपाटातली जुनी कागदपत्रं काढा. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 150 च्या वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 50 च्या खाली (पुरुषांत 40), रक्तदाब 130/85 किंवा वर, सोनोग्राफीत 'ग्रेड 1 फॅटी लिव्हर' (यकृतात साठलेली चरबी) यांतलं काही आहे का? त्या फॅटी लिव्हरच्या ओळीला कुणी विचारत नाही. पोट दुखलं म्हणून सोनोग्राफी केली, खडा नाही कळलं, लोक खूश होऊन घरी गेले. पाळी अनियमित, पीसीओडी असं कधी निदान झालंय का, तेही आठवा. यांतली प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. दोन-तीन एकत्र आल्या की किरकोळ राहत नाहीत.

यानंतर पक्की तपासणी. शिबिरातला एक आकडा पुरेसा नाही. तो बोटाच्या थेंबावर ग्लुकोमीटरने काढला असेल तर निदानासाठी अजिबातच नाही, कारण त्या यंत्राला 100 च्या आसपास 15 इकडेतिकडे व्हायची मुभा असते. चांगल्या लॅबमध्ये शिरेतून रक्त देऊन दोन गोष्टी करा. एक एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. 5.7 च्या खाली ठीक, 5.7 ते 6.4 प्रीडायबेटिस, 6.5 पासून मधुमेह. इथे ते हिमोग्लोबिन येतं. शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा साखर न वाढताही थोडा वर दिसू शकतो, थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक सौम्य दोष) असेल तरी तो फसवतो. म्हणून हिमोग्लोबिन सोबत करायचं.

दुसरी ग्लुकोज पिऊन करायची चाचणी. गरोदरपणात तुम्ही दिली असेल, ते गोडमिट्ट पाणी आठवत असेल. माझा आग्रह हिच्यासाठी आहे. आपल्याकडे अनेकांची उपाशीपोटीची साखर बरी दिसते आणि खाल्ल्यावरची चढते. नुसत्या सकाळच्या रक्तात ते सापडत नाही. रात्री आठ ते दहा तास उपाशी. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवायचं; परीक्षेच्या भीतीने पोळी-भात सोडून गेलात तर निकाल उलट खराब येऊ शकतो. पहिलं रक्त दिल्यावर 75 ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात, पाच मिनिटांत संपवायचं. लिंबू पिळायला हरकत नाही, मळमळ कमी होते. मग दोन तास तिथेच बसायचं. "तोवर भाजी घेऊन येते" म्हणून बाहेर पडायचं नाही, चहा नाही, तंबाखूची मिश्री तर नाहीच. दोन तासांनंतरचा आकडा 140 च्या आत हवा, 140 ते 199 प्रीडायबेटिस, 200 पासून मधुमेह. ताप असताना, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना किंवा आदली रात्र जागून काढली असेल तर पुढे ढकला. जेवून दोन तासांनी जी 'पीपी' करतात ती वेगळी, तिच्यावर हिचं काम भागत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे 2023 मध्ये आले. देशात 10.1 कोटी लोकांना मधुमेह, आणि प्रीडायबेटिस 13.6 कोटींना. गोव्यात तर मधुमेहाचं प्रमाणच 26.4 टक्के, देशात सर्वाधिक. एवढ्या गर्दीत आपण आहोत म्हणून घाबरायचं कारण नाही, पण "एवढं काही नाही" हे वाक्य त्या गर्दीतल्या बहुतेकांनी ऐकलेलं असतं.

समजा निदान पक्कं झालं. मग? चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने ग्लुकोज प्यायल्यावर साखर चढणारी 531 माणसं तीन वर्षं पाहिली. 2006 मध्ये निष्कर्ष आले. ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडलं, त्यांतल्या शंभरांतल्या 55 जणांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्या खाण्याचालण्याचा नीट पाठपुरावा केला, त्यांच्यात 39 जणांना. मला यातलं भावतं ते हे की त्या लोकांचं वजन फारसं घटलेलं नव्हतं, तरी फायदा झाला. म्हणजे काटा हलत नाही म्हणून महिनाभरात चालणं सोडून द्यायचं नाही. आणखी एका गटाला मेटफॉर्मिनची गोळी दिली होती; तिथेही फायदा जवळपास तेवढाच निघाला आणि पाठपुरावा व गोळी दोन्ही एकत्र देऊन तो वाढला नाही.

रोज अर्धा तास झपझप चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगात. जमेल तर त्यातली दहा-पंधरा मिनिटं जेवणानंतर ठेवा. आपल्या शतपावलीत पावलं कमी असली तरी वेळ अचूक निवडलेली आहे: जेवणानंतर चालणारे स्नायू रक्तातली साखर थेट उचलतात. आठवड्यातून दोनदा स्नायूंचं काम: हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं, भिंतीला हात लावून दंड. चरबी जास्त, स्नायू कमी ही आपली अडचण असल्यामुळे हे चालण्याइतकंच गरजेचं आहे, आणि बायका नेमकं हेच सोडतात. "घरात दिवसभर उभीच असते" हा व्यायाम नव्हे.

खाण्यातलं सगळं सांगत बसत नाही, आहारतज्ज्ञांना भेटा. फक्त चहा मोजा. ऑफिसात चार कप, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास साखर, आणि सोबत खारी-बिस्किटं वेगळी. ताटात पोळी-भात आहे तेवढाच ठेवून त्यावर उसळ वाढवू नका. पोळी-भात कमी करून त्या जागी उसळ, अंडं, पालेभाजी घ्या. भाकरी चांगली, पण ज्वारीची आहे म्हणून चार खाल्ल्या तर हिशोब तोच. उपासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. संकष्टी सोडा म्हणत नाही, वरई-शेंगदाणे-दही यांवर भागवा, तीही वाटीभरच. जाऊबाईंचा गूळ रक्तात साखरेसारखाच वागतो, मधही. मेथी घ्या हवी तर, भाजी करून खाल्लीत तर आणखी उत्तम. पण सकाळी मेथीचं पाणी प्यायलं म्हणून दुपारी श्रीखंडाची वाटी माफ होत नाही.

आईच्या गोळीबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. अजिबात घेऊ नका, अर्धीही नाही, पावही नाही. मधुमेहाच्या अनेक गोळ्यांत ग्लिमेपिराइड असतं. ते स्वादुपिंडाला साखरेकडे न बघता इन्सुलिन सोडायला लावतं. 108 साखर असलेल्या बाईने, त्यातून सकाळी न खाता बस पकडणाऱ्या बाईने, ती घेतली तर घाम, थरथर, चक्कर आणि बेशुद्धीपर्यंत वेळ येऊ शकते. प्रीडायबेटिसमध्ये गरज पडली तर डॉक्टर मेटफॉर्मिन देतात. गरोदरपणी साखर होऊन गेलेल्या बायकांत त्याचा विचार जरा लवकर करतात, म्हणून फाइल घेऊन जा आणि विचारा. ठरवायचं त्यांनी.

दोन्ही तपासण्या या महिन्यात उरकून घ्या. प्रीडायबेटिस निघाला तर तीन महिन्यांनी एचबीए1सी पुन्हा, तो खाली आला की वर्षातून एकदा. रोज बोट टोचायला ग्लुकोमीटर विकत घेऊ नका. 104 आणि 111 यांच्यात हेलकावे खात उगाच झोप उडेल. पण मध्येच न प्रयत्न करता वजन उतरू लागलं, नजर धूसर झाली, खाली सारखी खाज येऊ लागली, जखम चिघळत राहिली किंवा ती रात्रीची तहान खरंच सुरू झाली, तर तीन महिने थांबू नका. त्याच आठवड्यात साखर तपासा.